हॉप्ससाठी पिशवी, नळी की जाळीचा डबा : निवड करतानाचा अनुभव

घरी बिअर बनवायला लागले की हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुले) मोकळे टाकावेत की कशात तरी घालून टाकावेत, हा प्रश्न फार दिवस टाळता येत नाही. उकळत्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड द्रवात) मोकळ्या सोडलेल्या हॉप्सच्या गोळ्या काही मिनिटांतच फुटतात आणि त्यांचा बारीक हिरवा चोथा भांडेभर पसरतो. भांड्याला तोटी असेल तर तो तोटीत अडकतो, वर्ट गार करण्यासाठी प्लेट चिलर वापरत असाल तर त्याच्या अरुंद फटींत जाऊन बसतो, आणि उरलेला फरमेंटरच्या (बिअर आंबवण्याच्या भांड्याच्या) तळाशी यीस्टच्या थरात मिसळतो, त्यामुळे तो यीस्ट पुढच्या खेपेसाठी स्वच्छ काढून ठेवणे अवघड होते. बरेच जण यावर मलमलीच्या एकवार वापराच्या पिशव्या हा उपाय करतात. मीही सुरुवातीला त्याच वापरत असे. परंतु प्रत्येक खेपेला हॉप्स घालण्याच्या वेळा तीन-चार असतात आणि प्रत्येक वेळेला एक पिशवी लागते, म्हणजे दर खेपेला तितक्या पिशव्या कचऱ्यात जातात. एकदाच नीट पारखून घेतलेले आणि वर्षानुवर्षे टिकणारे साधन असावे, असे मला वाटू लागले आणि मी पर्यायांचा पद्धतशीर विचार सुरू केला.

साधन निवडण्याआधी हॉप्सकडून आपल्याला काय हवे आहे हे स्पष्ट असले पाहिजे, कारण साधन चांगले की वाईट हे त्यावरच ठरते. हॉप्सच्या फुलांत ल्युप्युलिनचे पिवळे कण असतात आणि त्यांत अल्फा आम्ले व सुगंधी तेले असतात. अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळीच्या तापमानाला त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि त्यातून तयार झालेली आयसो-अल्फा आम्ले वर्टमध्ये विरघळून बिअरला कडूपणा देतात. म्हणूनच कडूपणासाठीचे हॉप्स साधारण ६० मिनिटे उकळले जातात, आणि तापमान ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की हा बदल बराच मंदावतो. सुगंधी तेलांचे नेमके उलटे आहे. मर्सिनसारखी तेले वाफेबरोबर उडून जातात, त्यामुळे सुगंधासाठीचे हॉप्स उकळी संपता संपता, आच बंद केल्यावर किंवा थेट आंबलेल्या बिअरमध्ये घातले जातात. या सगळ्याला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे द्रवाने हॉप्सच्या आतपर्यंत पोचून पुन्हा बाहेर येणे. मोकळ्या हॉप्सना ही मुभा आपोआप मिळते आणि बंदिस्त हॉप्सना ती साधनाच्या रचनेतून मिळवून द्यावी लागते. माझ्या सगळ्या निवडीचा कस शेवटी एवढाच ठरला : हॉप्सना फुगायला जागा आणि द्रवाला ये-जा करायला वाट.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी काचेच्या मोठ्या बरणीत गरम पाणी घेतले आणि त्यात सारख्याच वजनाच्या गोळ्या वेगवेगळ्या साधनांत घालून सोडल्या. हॉप्सची गोळी म्हणजे सुकी फुले दळून साच्यातून दाबून काढलेला सुमारे सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा. बाजारात टी-९० नावाने मिळणाऱ्या गोळ्यांचे नाव १०० किलो हॉप्सपासून ९० किलो गोळ्या, या हिशेबावरून पडले आहे. सैल पिशवीत या गोळ्या एकमेकींपासून सुटून फुगल्या आणि पिवळसर हिरवा रंग पिशवीच्या सर्व बाजूंनी धुरासारखा बाहेर येऊ लागला. लहान पिशवीत दाबून भरलेल्या गोळ्यांचे मात्र वेगळेच झाले. बाहेरचा थर फुगून जाळीला घट्ट चिकटला, आणि काही वेळाने पिशवी बाहेर काढून मी तो लगदा सुरीने मधोमध कापला, तेव्हा आतल्या गोळ्यांचा आकार तसाच शाबूत होता. नखाने दाबल्यावर त्या कोरड्या भुशासारख्या मोडत होत्या. बाहेरच्या थराने आपणच बूच होऊन आतला मार्ग बंद केला होता. हा कापलेला लगदा पाहिल्यानंतर जाळी किती बारीक आहे यापेक्षा साधन किती ऐसपैस आहे, हा माझ्यासाठी पहिला प्रश्न झाला.

पुन्हा वापरता येणाऱ्या साधनांत सर्वांत साधी म्हणजे नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या जाळीची पिशवी. नायलॉन २०० अंशांच्या वरच वितळते, त्यामुळे उकळत्या वर्टची त्याला भीती नाही. पण भांड्याचा तळ आचेवर असताना वर्टपेक्षा खूप जास्त तापतो, म्हणून पिशवी तळाला टेकू न देता कडेला अडकवून लोंबती ठेवणे आवश्यक आहे. मोठी पिशवी भांड्याच्या काठावर उलटवून चिमट्यांनी पक्की केली की भांड्याच्या आत दुसरे भांडेच तयार होते आणि प्रत्येक वेळचे हॉप्स त्यात सरळ टाकता येतात. जागेच्या बाबतीत याहून चांगले साधन मला सापडले नाही. पिशवी निवडताना कापडापेक्षा शिवण जास्त बारकाईने पाहावी, असे माझे मत आहे. आतल्या बाजूला कापडाचे मोकळे काठ राहिले असतील तर त्यांत हॉप्सचे कण अडकतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. दुहेरी दुमडून शिवलेल्या पिशवीतही त्या दुमडीत ओल राहते. एकेरी सपाट शिवणीची पिशवी उलटी करून वाळवता येते आणि ती मला सर्वांत निर्धोक वाटली. नाडी सुती असेल तर ती काढून टाकलेली बरी, कारण सूत वर्ट शोषून घेते आणि वाळायला वेळ लावते.

कापडी पिशवीची मर्यादा अशी की नायलॉन वासही धरते आणि रंगही. रंगाने काही बिघडत नाही, परंतु उकळीत वापरलेली पिशवी मी आंबलेल्या बिअरमध्ये वापरत नाही. शिवाय उकळी संपल्यावर वर्टने जड झालेली पिशवी उचलणे हे कसरतीचे काम आहे. उकळता चोथा अंगावर सांडू न देता ती निथळत ठेवायला वर आकडा किंवा आडवी दांडी लागतेच.

यानंतर स्टीलच्या जाळीच्या डब्याकडे वळले. हा डबा म्हणजे बारीक जाळीचे उभे नळकांडे, ज्याला भांड्याच्या काठावर अडकवायचे आकडे किंवा पाय असतात. घरी बिअर बनवणारी मंडळी त्याला हॉप स्पायडर म्हणतात. याच्या जाहिरातींत मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा मेशचा आकडा ठळक दिलेला असतो. मेशचा आकडा म्हणजे एका इंच लांबीत किती भोके आहेत त्याची संख्या, त्यामुळे आकडा जितका मोठा तितके भोक लहान. ५० मेशची भोके सुमारे ३०० मायक्रॉनची असतात आणि १०० मेशची सुमारे १५० मायक्रॉनची. बारीक जाळीने वर्ट अधिक स्वच्छ मिळेल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उकळीत वर्टमधील प्रथिने साकळून त्यांचे तंतू तयार होतात, ते आणि हॉप्सचा लगदा मिळून १५० मायक्रॉनची जाळी अशी लिंपून टाकतात की डबा उचलल्यावर आतला वर्ट कितीतरी वेळ तसाच भरलेला राहतो. म्हणजे उकळीच्या दरम्यानही आतले वर्ट आणि बाहेरचे वर्ट नीट मिसळत नव्हते, हे उघड आहे. ३०० मायक्रॉनच्या जाळीतून थोडी बारीक पूड बाहेर येते, पण ती तळाशी बसते आणि तोटी तुंबवण्याइतकी नसते. उकळीसाठी मी ३०० मायक्रॉन निवडले आणि तो निर्णय मला आजही पटतो.

आकाराचा हिशेब कागदावर करून पाहणे फायद्याचे ठरले. १५ सेंटीमीटर व्यासाच्या आणि ३० सेंटीमीटर उंचीच्या डब्यात सव्वापाच लिटरच्या आसपास जागा असते, पण महत्त्वाची असते ती बुडालेल्या भागातली जागा. भांड्यात वर्टची खोली कमी असेल तर डब्याचा निम्मा भाग हवेतच राहतो, आणि खेप लहान असली तर उंच डब्याचा काही उपयोग नसतो. म्हणून डबा घेण्याआधी आपल्या भांड्यात नेहमीच्या खेपेचे वर्ट किती उंचीपर्यंत येते ते मोजावे आणि डब्याचा तळ भांड्याच्या तळापासून दोन-तीन बोटे वर राहील अशी उंची निवडावी. अगदी टेकलेल्या डब्याखाली वर्ट फिरत नाही. उकळीत मी दर काही मिनिटांनी डबा थोडा वर उचलून पुन्हा खाली सोडते, त्यामुळे आतले वर्ट बदलते आणि जाळीवर बसलेला थरही सुटतो. पंपाने वर्ट फिरवण्याची सोय असेल तर परत येणारी धार डब्यातच सोडावी, म्हणजे आतून बाहेर असा प्रवाह सतत राहतो. डब्याचा एक तोटा मान्य करायला हवा. आच बंद केल्यावर वर्ट गोल ढवळून गाळ मधोमध गोळा करण्याची जी पद्धत आहे, तिच्या आड हा डबा येतो. त्या वेळी सुगंधाचे हॉप्स त्यातच भिजू द्यायचे की डबा काढून टाकायचा, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

धातूच्या दर्जाबद्दल थोडे. ३०४ प्रतीचे स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, या कामाला योग्य आहे. अनेक जण चुंबक लावून परीक्षा करतात, पण जाळीच्या बाबतीत ती परीक्षा पूर्ण भरवशाची नाही, कारण ३०४ स्टीलची तार थंड अवस्थेत ओढून काढताना तिच्यात थोडेसे चुंबकत्व येऊ शकते. त्याऐवजी मी जोड तपासते. जाळी आणि तळाची चकती जिथे वेल्डिंगने जोडलेली असते तिथे काळपट डाग, उघडी तारांची टोके किंवा सुईएवढ्या फटी असतील तर ते साधन घेऊ नये. नुसता मुलामा दिलेल्या धातूची जाळीही टाळावी. आम्लधर्मी बिअरमध्ये मुलामा झिजतो, आणि आतले लोखंड किंवा तांबे उघडे पडले तर चवीला धातूचा वास येतोच, शिवाय लोह व तांब्याचे अंश ऑक्सिडेशनला चालना देऊन बिअर लवकर शिळी करतात. उकळीच्या भांड्यात हा धोका कमी आहे, तयार बिअरमध्ये तो खरा आहे.

तयार बिअरमध्ये हॉप्स घालणे, म्हणजे ड्राय हॉपिंग, हा निराळाच प्रश्न आहे आणि त्यासाठी निराळे साधन लागते. इथे उकळीची हालचाल नसते, तापमान कमी असते आणि द्रव जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे साधनातला मधला भाग जाळीपासून किती दूर आहे, यावर सगळे अवलंबून राहते. जाळीदार चेंडू दिसायला सुबक असतो, परंतु पाच सेंटीमीटर व्यासाच्या चेंडूत जेमतेम ६५ मिलिलिटर जागा असते. गोळ्या भिजल्यावर कित्येक पट फुगतात, हे लक्षात घेता त्यात पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त घालण्यात अर्थ नाही. चार सेंटीमीटर व्यासाच्या आणि २५ सेंटीमीटर लांबीच्या नळीत मात्र ३०० मिलिलिटरहून थोडी जास्त जागा मिळते आणि कोणताही कण जाळीपासून दोन सेंटीमीटरहून दूर राहत नाही. अशा नळीत मी २५ ते ३० ग्रॅम गोळ्या घालते. कोरड्या गोळ्या नळीच्या तळाशी थोड्याशाच दिसतात आणि आणखी घालण्याचा मोह होतो, पण बाहेर काढताना तीच नळी जवळपास भरलेली असते. जास्त हॉप्स हवे असतील तर दुसरी नळी घालावी, पहिलीच ठासून भरू नये.

फरमेंटरचे तोंड अरुंद असेल तर पिशवी आत जाते, पण फुगल्यावर बाहेर येत नाही. काचेच्या अरुंद मानेच्या बरणीत ही अडचण हमखास येते, आणि बारीक नळी तिथे खरोखर उपयोगी पडते. रुंद तोंडाच्या फरमेंटरमध्ये मी सैल पिशवीलाच पसंती देते, विशेषतः अख्खी फुले वापरताना, कारण फुले नळीत मावतच नाहीत आणि त्यांना जागा सर्वांत जास्त लागते. पिशवी तरंगते आणि तरंगणाऱ्या भागातून काहीच उतरत नाही, म्हणून तिच्यात स्टीलचे वजन किंवा उकळून घेतलेल्या काचेच्या गोट्या घालाव्यात. केगमध्ये (तयार बिअर साठवण्याच्या धातूच्या पिंपात) नळी झाकणाला बिनवासाच्या डेंटल फ्लॉसने बांधून लटकवता येते आणि वेळ झाली की ओढून काढता येते.

साधनाचा इथला मोठा फायदा म्हणजे हॉप्स ठरावीक वेळी बाहेर काढता येतात. मोकळ्या गोळ्यांतला सुगंध पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतांश उतरतो. जाळीत तो थोडा सावकाश उतरतो, म्हणून मी एखादा दिवस जास्त देते, पण आठवडेच्या आठवडे ठेवत नाही, कारण मग गवतासारखी चव येऊ लागते. मात्र हॉप्स बाहेर काढले म्हणजे सगळे थांबले, असे समजू नये. हॉप्समध्ये असलेली विकरे (एन्झाइम) बिअरमध्ये उरलेल्या डेक्स्ट्रिनचे, म्हणजे यीस्टला न आंबवता आलेल्या पिष्टमय घटकांचे, आंबवता येण्याजोग्या साखरेत रूपांतर करतात, आणि यीस्ट पुन्हा कामाला लागते. ब्राऊन आणि मॉरिस या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ सालीच ही गोष्ट नोंदवली होती. विकरे बिअरमध्ये उतरलेली असतात, तेव्हा नळी काढून घेतली तरी ती मागे राहतात. बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) माप स्थिर आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर बाटल्यांत दाब वाढतो.

हवेचा प्रश्नही आहेच. झाकण उघडून पिशवी सोडताना जाळीबरोबर हवा आत जाते, आणि नळीत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. मी किण्वन पूर्ण थांबण्याआधी, थोडा कार्बन डायऑक्साइड निघत असतानाच हॉप्स घालते, म्हणजे यीस्ट तो ऑक्सिजन वापरून टाकते. काही जण सीलबंद चुंबक पिशवीत ठेवून ती बाहेरच्या चुंबकाने फरमेंटरच्या आत वरच्या बाजूला धरून ठेवतात, आणि वेळ झाली की बाहेरचा चुंबक काढून फरमेंटर न उघडताच ती खाली सोडतात. ही युक्ती मला फार आवडते, फक्त उघडा चुंबक बिअरला लागू नये याची काळजी घ्यावी.

आता स्वच्छतेकडे येते, कारण साधन पुन्हा वापरायचे म्हटले की निम्मे काम तिथेच असते. हॉप्सची राळ साध्या पाण्याने जात नाही. अल्फा आम्ले अल्कधर्मी पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून सोडियम परकार्बोनेटचे गरम द्रावण इथे उत्तम काम करते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम कार्बोनेट तयार होते, म्हणजे अल्क आणि ऑक्सिडीकरण दोन्ही एकत्र मिळतात. आधी साधन बाहेरून आत अशा पाण्याच्या धारेने धुवावे, म्हणजे भोकांत अडकलेले कण ज्या बाजूने आले त्याच बाजूने परत जातात. आतून धार मारली तर ते अधिक घट्ट बसतात. चोथा वाळण्याआधी हे करणे फार महत्त्वाचे आहे. त्यानंतर तासभर भिजवून मऊ ब्रश फिरवला की जाळी साफ होते. तारांचा ब्रश किंवा क्लोरीनचे ब्लीच स्टीलला कधीही लावू नये. क्लोराइडमुळे स्टीलवरचा संरक्षक थर फुटतो आणि बारीक खड्डे पडून तिथून गंज सुरू होतो. अनेक खेपांनंतर जाळीवर खरखरीत पांढुरका थर दिसू लागला तर तो बहुधा कॅल्शियम ऑक्सलेटचा असतो. तो अल्काने जात नाही, त्यासाठी आम्लधर्मी धुलाई लागते.

साफ झाले की नाही हे मी नळी उजेडासमोर आडवी धरून तपासते. प्रत्येक भोकातून उजेड येत असला पाहिजे. झाकणाचे आटे आणि तळाचा जोड या दोन जागी हिरवी रेघ राहिलेली असते आणि ती वरवर पाहता दिसत नाही. कापसाची काडी त्या खाचेत फिरवली की कळते. सॅनिटायझर अशा साचलेल्या थराच्या आत पोचत नाही, म्हणून धुणे अपुरे असेल तर निर्जंतुकीकरणाला अर्थ राहत नाही. याच कारणाने आट्यांच्या झाकणापेक्षा वरून सरकवून बसणारे साधे झाकण असलेली नळी मी निवडली. नायलॉनची पिशवी वापरण्याआधी दहा मिनिटे उकळून घेते, स्टीलची नळी उकळूनही घेता येते किंवा सॅनिटायझरमध्ये बुडवूनही.

सध्या माझ्याकडे उकळीसाठी ३०० मायक्रॉनचा रुंद डबा आहे, ड्राय हॉपिंगसाठी दोन बारीक नळ्या आहेत आणि अख्ख्या फुलांसाठी एक मोठी सैल पिशवी आहे. डबा वापरताना कडूपणाच्या हॉप्सचे प्रमाण मी सुमारे दहा टक्क्यांनी वाढवते, कारण बंदिस्त हॉप्समधून थोडे कमी उतरते, असा अनेक घरगुती बिअरकारांप्रमाणे माझाही अनुभव आहे. सुगंधाच्या हॉप्सचे प्रमाण मात्र मी वाढवत नाही, त्याऐवजी डबा हलवत राहते. चोथ्यात वर्ट अडकून राहते तेवढी घट धरून खेप थोडी मोठी घेते. डबा वर उचलून पूर्ण निथळू देते, पण लगदा पिळत नाही, कारण पिळल्याने जो बारीक गाळ आपण बाहेर ठेवायला इतके केले तोच पुन्हा वर्टमध्ये येतो.